दमणूक बंद

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल. त्या वर्षी हिवाळा इतका लांबला, की लोक एकमेकांना चेहऱ्यावरून नव्हे, मफलरवरून ओळखायला लागले होते. आणि त्याच वर्षी चष्मेवाल्यांनी भर दुकानात जाहीर केलं, "बर्फावरच्या हॉकीत मला आता शिकण्यासारखं काहीही उरलेलं नाही!"

हे वाक्य उच्चारणारा माणूस जन्मात कधी बर्फावर उभा राहिला नव्हता. ओल्या फरशीवरसुद्धा ते भिंतीला धरून चालत. पण त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र होतं आणि त्या यंत्रात घालायची हॉकीची कॅसेट होती. कॅसेटच्या खोक्यावर छापलं होतं, 'खऱ्याहून खरा खेळ'. चष्मेवाल्यांचा छापील अक्षरावर फार विश्वास. शेवटी अक्षरं वाचायला लावणं हाच त्यांचा धंदा!

"अहो, खेळाडूंच्या दाढीवर घामाचे थेंब दिसतात!" ते गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा टेकवता टेकवता सांगत. "बर्फावर स्केट्सचे ओरखडे उठतात. आणि डावपेच तर विचारू नका. विहिरीसारखे खोल! मी काल नऊ-शून्य जिंकलो. परवा अकरा-शून्य. खालची ओळ वाचा."

मागच्या खोलीत त्यांच्या पत्नी, वहिनी, भिंगं घासत असायच्या. अख्खं गाव त्यांना वहिनीच म्हणायचं. नऊ-शून्य हा आकडा कानावर आला की त्यांचं यंत्र जरा जोरात घरघरायचं.

कारण त्या नऊ-शून्यामागे कोण होतं, ते फक्त वहिनींना ठाऊक होतं.

झालं होतं असं. कॅसेट नवी असताना पहिला महिनाभर चष्मेवाले सपाटून हरले. रोज हरले. हरले की जेवत नसत, कुणाशी बोलत नसत, आणि दुकानात वाटेल ते करून ठेवत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी चुकून भलत्याच नंबरची भिंगं दिली आणि बाई रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाला "काय, बरं आहे ना?" असं विचारून पुढे गेल्या. त्या दिवशी वहिनींनी ठरवलं, आता पुरे. टीव्हीवरची धूळ पुसण्याच्या निमित्ताने त्यांनी यंत्र सुरू केलं. पहिल्याच पानावर यादी होती: प्रतिस्पर्ध्याची हुशारी, पंचांची कडक नजर, खेळाडूंची दमणूक. रोज हजार चक्रं फिरवणाऱ्या बाईला त्यात काय अवघड? हुशारी त्यांनी तळाला नेली, 'नवशिक्या' असं लिहिलं होतं तिथे. पंचांना आंधळं केलं. आणि दमणूक बंद करून टाकली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले जिंकले. घरात शांतता आली. माणूस शीळ घालायला लागला. पुढे वहिनींना बरेचदा वाटलं, की सांगून टाकावं. पण शीळ घालणाऱ्या नवऱ्याला कोण थांबवणार?

त्यातून चष्मेवाल्यांनी स्वतःचे डावही शोधून काढले, आणि त्यांना नावंही दिली. एक डाव 'कात्री'. एक 'कुलूप'. आणि सगळ्यांत लाडका डाव म्हणजे 'उघडं दार'. हॉकीत पाच जण पळतात आणि सहावा गोलात उभा असतो. 'उघडं दार' म्हणजे गोलातल्या माणसाला सरळ बाहेर काढायचं आणि त्याच्या जागी आणखी एक पळणारा घ्यायचा. खरे संघ असलं काही अगदी शेवटच्या मिनिटाला, गळ्याशी आल्यावर करतात. चष्मेवाले पहिल्याच मिनिटाला करत. त्यांच्या यंत्रातले नवशिके विरोधक रिकाम्या गोलाकडे बघत नुसते गोल गोल फिरायचे.

हे सगळं घरच्या घरी राहिलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण वहिनींचा धाकटा भाऊ गावाच्या संघाचा प्रशिक्षक होता.

त्याला सगळे मास्तर म्हणत. बर्फाच्या मैदानाच्या वरच, तिकीटघराच्या माथ्यावर, त्याला राहायला दोन खोल्या होत्या. त्या दोन खोल्यांत मास्तर, सातवा महिना लागलेली त्याची बायको आणि त्याची व वहिनींची म्हातारी आई अशी तीन माणसं राहत होती आणि चौथं येऊ घातलं होतं. संघाचा तो हंगाम वाईट गेला होता. शेवटचा सामना हरला असता तर संघ खालच्या गटात जाणार होता. आणि समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे फर्निचरच्या दुकानाच्या मालकांनी, स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "खालच्या गटाला प्रशिक्षक परवडत नाही. मास्तरांनी खोल्या रिकाम्या कराव्यात." बरोबरी झाली तरी चालणार होतं. हार मात्र नको होती.

सामन्याच्या दिवशी दुपारी मास्तर जिन्यावर बसला तो उठेचना. मूतखडा! चेहरा टेबलक्लॉथसारखा पांढरा. दवाखान्याची गाडी आली. चष्मेवाले आणि वहिनी धावत पोचले.

"भावोजी," मास्तर स्ट्रेचरवरून कण्हत म्हणाला, "नियमाप्रमाणे बाकावर समितीचा कुणीतरी लागतो. तुम्ही सभासद आहात. नुसते उभे राहा. बाकाचं दार उघडायचं आणि लावायचं, बस. बाकी सगळं ट्रकला ठाऊक आहे."

ट्रक म्हणजे संघाचा कप्तान. ट्रक चालवायचा आणि दिसायचाही तसाच.

"काळजी करू नकोस," चष्मेवाल्यांनी त्याचा हात दाबला. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्यात चमकही होती. "संघ माझ्यावर सोपवलास ना? झालं तर!"

"सोपवला नाही हो, नुसते उभे..." मास्तर म्हणाला, पण तेवढ्यात गाडीचं दार लागलं.

वहिनी फुटपाथवर उभ्या राहिल्या. आता सांगावं का? पण चष्मेवाले कोटाची बटणं लावत होते, एकेक बटण, सेनापतीसारखं. "अगं," ते म्हणाले, "इतके दिवस मी कशासाठी सराव करत होतो ते मला आज कळलं."

वहिनींनी सांगायचं सोडून त्यांचा मफलर नीट केला.

मैदान खच्चून भरलं होतं. लोकांच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेने दिव्यांभोवती ढग जमले होते. वहिनी बाकासमोरच्या बाजूला, कठड्यापासून चौथ्या ओळीत बसल्या. हातमोजे घातलेले होते, तरी बोटं गार. समोरच्या संघाच्या बाकावर त्यांचा जुना प्रशिक्षक होता. त्याला सगळे कोल्हा म्हणत. पिकलेल्या मिशा, अर्धवट मिटलेले डोळे, आणि डोक्यात चाळीस वर्षांचे डाव.

शिट्टी झाली. या हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबरी चकती बर्फावर पडली. आणि गावाच्या पहिल्या पाच जणांनी असा काही खेळ केला की लोक उभेच राहिले! ट्रकने एक गोल ठोकला. थोड्याच वेळात दुसरा. दोन-शून्य!

"बघितलंत?" चष्मेवाले बाकावरून कुणाला तरी ओरडून म्हणाले. "कात्री! ही माझी कात्री!"

आता बर्फावर पळणं म्हणजे काय असतं, ते एकदा समजून घ्या. जीव तोडून पळायचं, मिनिटाच्या आत दम संपतो, बाकावर यायचं, दुसरे पाच आत जातात. मग तिसरे पाच. खेळ चालू असतानाच, चक्रासारखं. मास्तरांची अशी तीन पंचकं होती. दुसऱ्यात पोस्टमन, शिंपी असे लोक होते. तिसऱ्यातल्यांची नावं त्यांच्या बायकांनाच माहीत असावीत.

ट्रक हाशहुश करत बाकापाशी आला. चष्मेवाल्यांनी दार उघडलं नाही.

"साहेब, दार!"

"कशाला?"

"दमलो!"

"दमलास? आत्ताच तर सुरू झालंय!"

"साहेब, बदली! बदली!"

"जिंकणारा संघ कोण बदलतं रे? हे पाच सगळ्यांत चांगले आहेत. चांगले ठेवायचे, वाईट कशाला आत घालायचे? साधं गणित आहे!" आणि चष्मेवाले स्वतः त्या छोट्या दाराला पाठ लावून उभे राहिले. मागे बाकावर पोस्टमन आणि शिंपी घोंगड्या पांघरून बसले होते. आगगाडी चुकलेल्या प्रवाशांसारखे.

चौथ्या ओळीत वहिनींनी डोळे मिटून घेतले. दमणूक बंद! घरी तेच पाच जण दिवसभर पळत. घामाचे थेंब दिसायचे, पण घाम कुणाला येत नव्हता!

इथे येत होता. ट्रकच्या डोक्यावरून वाफ निघत होती. त्याचा साथीदार वळताना कठड्याला धरून वळायला लागला. ज्याने पहिल्या मिनिटाला वाऱ्यासारखी धाव घेतली होती तो आता चकतीकडे असा बघत होता, की जणू ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. दोन-एक. दोन-दोन. सामन्याच्या तीन भागांपैकी पहिला संपला.

मधल्या सुटीत वहिनींनी खाली जायचा प्रयत्न केला. पण बाकाकडे जाणाऱ्या फाटकापाशी पहारेकरी उभा होता.

"वहिनी, इथून फक्त अधिकृत माणसं."

"अरे, माझा नवरा आहे तिथे!"

"म्हणून तर!" पहारेकरी म्हणाला. त्याचं लग्न झालेलं होतं.

दुसरा भाग सुरू झाला. तेच पाच! लोकांत कुजबुज झाली. मग दोन-तीन झाले आणि कुजबुजीची ओरड झाली. "बदला! बदला!" चष्मेवाल्यांनी प्रेक्षकांकडे वळून हात उंचावला. शांत राहा, असं खुणावलं. आणि मग त्यांनी गोलाकडे बघून दोन्ही हातांनी दार उघडल्याची खूण केली.

वहिनींनी ती खूण ओळखली. उघडं दार!

गोलात कपाट उभा होता. म्हणजे बेकरीवाला. तो गोलात उभा राहिला की गोल दिसायचा बंद व्हायचा, म्हणून कपाट. त्याला ती खूण समजेना. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, मी? चष्मेवाल्यांनी मान हलवली. कपाटने मुखवटा वर केला.

"आत्ता? अजून अर्धा सामना पडलाय! साहेब, तुम्हाला बरं आहे ना?"

"बाहेर ये! हा हुकूम आहे!"

कपाट आला. त्याच्या जागी तिसऱ्या पंचकातला एक जण आत गेला. मैदानाच्या त्या टोकाला नुसती जाळी उरली, घर रिकामं करून गेलेल्या भाडेकऱ्याच्या खिडकीसारखी उघडी. वहिनींना वर, तिकीटघराच्या माथ्यावर, दोन खोल्यांच्या खिडकीत उजेड दिसत होता. खिडकीत आई उभी होती. तिला इतक्या लांबून काही दिसत नव्हतं. तिचा चष्मा दुकानात दुरुस्तीला होता. एवढं मात्र देवाने बरं केलं होतं.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. चकती समोरच्या संघाकडे होती. गोल रिकामा होता. त्यांचा खेळाडू मारायला काठी उचलणार, तेवढ्यात कोल्हा बाकावर उभा राहून किंचाळला, "थांब! मारू नकोस! मागे या सगळे!"

"पण समोर कुणीच नाही!"

"म्हणूनच मागे ये, मूर्खा! अर्धा सामना बाकी असताना कुणी गोल उघडा टाकतं का? आधी तेच पाच दमवले, आता हे. यात काहीतरी आहे. खोल आहे! मला विचार करू दे!"

समोरचा संघ स्वतःच्या गोलामागे जाऊन चकती घेऊन उभा राहिला. गावाचे पाच जण मध्ये उभे राहून धापा टाकत होते, नवा सहावा त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्यात पुढे जायचंही त्राण नव्हतं. कुणी हलेना. एवढी शांतता, की बर्फ गार ठेवणाऱ्या पंपाची धडधड ऐकू येत होती. चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं! नवशिके असेच गोल गोल फिरायचे!

आता मात्र वहिनी उठल्या. थेट फाटकापाशी गेल्या.

"वहिनी, मी सांगितलं ना..."

"बघू, चष्मा वाकडा बसलाय तुझा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तो त्याच्या नाकावरून काढून घेतला. त्या चष्म्याची भिंगं त्यांनीच घासली होती. त्याच्याशिवाय त्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. पहारेकरी "वहिनी? कुठे आहात?" म्हणत हवेत चाचपडत राहिला, तोवर वहिनी बाकाशी पोचल्या होत्या.

"अहो! कपाटला आत पाठवा! आत्ताच्या आत्ता!"

"तू इथे कशी? अगं बघ, बघ, घाबरलेत ते!"

"ते घाबरलेले नाहीत, विचार करतायत! विचार संपला की मारतील!"

"मी दीडशे वेळा हा डाव..."

"मी बदललं होतं!"

"काय बदललं होतंस?"

"यंत्रातलं. दमणूक बंद केली होती. पंच आंधळे केले होते. समोरचे नवशिके होते हो! तुम्ही रोज नवशिक्यांशी खेळत होतात!"

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. पोस्टमन आणि शिंपी घोंगडीतून पुढे झुकले.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"म्हणजे ते नऊ-शून्य?"

"मी."

"आणि ती चषकाची अंतिम फेरी? मी ज्या दिवशी रडलो?"

"तीसुद्धा." वहिनी म्हणाल्या. "अहो, तुम्ही जेवत नव्हता!"

नेमक्या त्याच क्षणी कोल्ह्याचा विचार संपला. "मार!" त्यांच्या खेळाडूने स्वतःच्या गोलामागून चकती फटकावली. ती लांबलचक बर्फावरून, कुणाचीही घाई नसल्यासारखी, सरकत सरकत गेली. कपाट कठड्यावर एक तंगडी टाकून लोंबकळत राहिला. ट्रकने तिच्याकडे नुसतं बघितलं. मान वळवण्याएवढंच त्याच्यात उरलं होतं. चकती जाळीत जाऊन शांतपणे झोपली.

दोन-चार.

दुसरा भाग संपला. चष्मेवाले बाकावर बसले. हात मांडीवर. त्यांचा चेहरा पाहून वहिनींना वाटलं, सामना गेला, भावाच्या खोल्या गेल्या आणि नवराही गेला.

मग ते उठले. त्यांनी बाकाचं दार उघडलं. ट्रकला म्हणाले, "बस. पाणी पी. पुढे काय करायचं ते तू सांग. मी दार उघडतो आणि लावतो."

"पोस्टमनचे पाच जाऊ द्या साहेब," ट्रक धापा टाकत म्हणाला. "मग तिसरे पाच. मग पुन्हा पोस्टमनचे. आम्हाला शेवटी सोडा."

तिसरा भाग सुरू झाला, कपाट पुन्हा गोलात उभा राहिला. आणि आता लक्षात घ्या, ते दहा जण जवळजवळ सगळा सामना घोंगडीत बसून होते! एका थेंबाइतकाही घाम त्यांना आलेला नव्हता. शिवाय बसून बसून ते इतके चिडले होते, की दार उघडताच बाटलीचं बूच उडावं तसे सुटले. समोरचे मात्र मघापासून पूर्ण ताकदीने पळून अर्धे झाले होते. पोस्टमनने गोल केला. तीन-चार! चष्मेवाले दार उघडत होते, लावत होते, उघडत होते, लावत होते. तोंडातून शब्द नाही. बोट एकदा दारात चेमटलं तरी नाही. तिसऱ्या पंचकातल्या कुणीतरी चकती आत ढकलली. त्याचं नाव पुकारणाऱ्यालाही आठवेना, तो म्हणाला, "गोल! आपल्या... आपल्या माणसाचा!" चार-चार!

शेवटची मिनिटं वहिनींनी नवऱ्याच्या कोटाची बाही धरून काढली. समोरचे सगळे तुटून पडले होते. एक फटका कपाटच्या गुडघ्याला लागला, एक खांबाला, आणि शेवटचा थेट मुखवट्यावर. कपाट उताणा पडला. चकती कुठे गेली कुणाला कळेना. पंच वाकले. कपाटच्या काखेत होती.

भोंगा वाजला. बरोबरी! संघ वाचला. वहिनींनी नवऱ्याची बाही सोडली. मास्तरांच्या खोल्या वाचल्या!

वाचल्या होत्या, साधारण दहा मिनिटं.

कारण बर्फावरून चालत आला कोल्हा. त्याने चष्मेवाल्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "चाळीस वर्षं झाली मला," तो म्हणाला, "पण असा डाव पाहिला नाही. पाच जण जाळून तुम्ही आमचे पंधरा दमवलेत. आणि दहा कोरे ठेवलेत शेवटासाठी! मी ओळखलं होतं की यात खोली आहे, पण एवढी!"

हे अध्यक्षांनी ऐकलं. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "आजारी मास्तरांना विश्रांतीची गरज आहे," ते गरजले, "आणि या संघाला गरज आहे अशा डोक्याची! पुढच्या हंगामापासून आपले प्रशिक्षक, चष्मेवाले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी टोप्या फेकल्या. चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू, सकाळी दुकानाची फळी उघडावी तसा उजेड पडायला लागला. वहिनींना तो उजेड ओळखीचा होता. त्यांनी फक्त वर, दोन खोल्यांच्या खिडकीकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. आई अजून खिडकीत उभी होती. टाळ्या ऐकून तीही टाळ्या वाजवत होती.

चष्मेवाल्यांनी ध्वनिक्षेपक मागून घेतला. घसा खाकरला.

"मला काही येत नाही," ते म्हणाले.

मैदान हसलं. प्रेमाने हसलं.

"खरंच येत नाही! मी घरी नवशिक्यांशी खेळतो. माझ्या बायकोने दमणूक बंद करून ठेवली होती!"

"काय विनय आहे!" अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "आणि यशाचं श्रेय बायकोला! ऐकलंत? असा माणूस!"

"अहो, तो गोल उघडा टाकणं हा मूर्खपणा होता!"

"मोठी माणसं असंच बोलतात," कोल्ह्याने शेजारच्याला सांगितलं.

जितकं जास्त कबूल करावं तितक्या टाळ्या वाढत होत्या. शेवटी वहिनींनीच ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "उद्या सकाळी समितीच्या खोलीत या," त्या म्हणाल्या. "टीव्ही आणतो, यंत्र आणतो. सगळं खरं ठेवून खेळायला लावते यांना. डोळ्यांनी बघा."

घरी जाताना दोघं भिंतीच्या कडेकडेने चालले. मग चष्मेवाले म्हणाले, "काळजी करू नकोस. तुझ्या भावासाठी मी हरेन. सणसणीत हरेन."

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. मास्तर आला होता, खडा पडून गेलेला, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून. खोल्या जाणार की राहणार, ते समोरच्या पडद्यावर ठरणार होतं. वहिनींनी यादी उघडली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत एकेक गोष्ट टोकाला नेली. हुशारी पूर्ण. पंच कडक. दमणूक चालू.

खेळ सुरू झाला. चष्मेवाले आधी आरामात टेकून बसले होते. पहिला गोल खाल्ल्यावर ते सरळ झाले. दुसऱ्यानंतर पुढे सरकले. तिसऱ्यानंतर त्यांनी कोट काढला. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांच्या एकदम लक्षात आलं. हा माणूस हरायचं विसरला होता! तो पाच-पाच जणांच्या बदल्या करत होता, दमलेल्यांना बसवत होता, गोलातल्या माणसाला जागचा हलू देत नव्हता. ओठ दाताखाली दाबून, कपाळावर घाम, तो जीव खाऊन जिंकायला बघत होता!

मास्तरने बहिणीचा हात घट्ट धरला. "ताई, हे जिंकणार तर नाहीत ना?"

"देवाला ठाऊक," वहिनी म्हणाल्या.

चष्मेवाले सतरा-शून्य हरले.

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. मग ते मास्तरकडे वळून म्हणाले, "मास्तर, पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जरा बघून घ्या."

चष्मेवाले उठले, कोट घातला आणि दारातून जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हरलो की नाही ठरल्याप्रमाणे?" वहिनी म्हणाल्या, "हो. छान हरलात."

पुढे मास्तर त्या दोन खोल्यांत पुष्कळ वर्षं राहिला; मुलगी झाली, तिच्या पाठीवर आणखी एक, आणि समितीला शेजारची अडगळीची खोलीही त्यांना द्यावी लागली. आईने शेवटपर्यंत सांगितलं, की जावयाच्या सत्काराला तिने खिडकीतून टाळ्या वाजवल्या होत्या. ट्रकने पुढे ट्रक विकला आणि बागकाम धरलं. कपाटने बेकरी वाढवली, स्वतः बारीक झाला, आणि मग गोलात उभं राहण्यात त्याला मजा उरली नाही. पोस्टमन कप्तान झाला. अध्यक्षांनी फर्निचरचं दुकान मुलाच्या हाती दिलं आणि उरलेला वेळ समितीत भांडण्यात घालवला. कोल्ह्याने मात्र सतरा-शून्याची बातमी कधीच मानली नाही. पुढच्या वर्षी त्याने स्वतः तोच डाव खेळून पाहिला आणि त्याचा संघ खालच्या गटात गेला.

चष्मेवाल्यांनी यंत्रातली यादी पुन्हा कधी खाली आणू दिली नाही. दमणूक चालू, पंच कडक. रोज हरायचे, पण आता हरूनही जेवायचे. अशी बरीच वर्षं गेली. मग एका दुपारी, दुकान बंद असताना, ते दोन-एक जिंकले. ओरडले नाहीत. मागच्या खोलीत येऊन वहिनींसमोर उभे राहिले.

"खरं सांग. हात लावलास?"

"नाही हो!"

"शपथ?"

"शपथ."

ते परत गेले. यादी उघडून एकेक ओळ वाचली. सगळं टोकाला होतं. परत आले. "म्हणजे आधी खाली केलंस," ते म्हणाले, "आणि मी जिंकल्यावर पुन्हा वर केलंस."

"अहो, मी इथून हललेसुद्धा नाही!"

त्यांनी बायकोकडे खूप वेळ, चष्म्याच्या वरून, मायेने बघितलं. जन्मातली त्यांची ती एकच खरी जीत. तिच्याबद्दल त्यांनी गावात कुणाला चकार शब्द सांगितला नाही. रात्री ताटावर बसताना फक्त एवढंच म्हणाले, "तरीपण, बरं वाटलं. थँक्यू."

वहिनींनी वाद घातला नाही. त्यांना वाढलं.